आधी बूट, शेवटी सॅक

शनिवारी रात्री उशिरा घाटकोपर किंवा मुलुंडच्या फलाटावर कर्जत-कसाऱ्याच्या गाडीची वाट बघणारी माणसं दोन प्रकारची असतात. काही जण काम संपवून घरी निघालेले असतात आणि काही जण पाठीला सॅक लावून गडाकडे. पाऊस सुरू झाला की दुसऱ्या प्रकारची गर्दी वाढत जाते. अंधेरी-वर्सोव्याची मुलं मेट्रोने घाटकोपरला येतात, बोरिवली-कांदिवलीची दादरला गाडी बदलतात. भेटायची जागा बहुतेक वेळा इंडिकेटरखाली नाहीतर पुलाच्या जिन्यापाशी ठरलेली असते.

या अंकासाठी संपादकांनी ‘ओझं’ हा विषय दिला, तेव्हा मला किलोत मोजता येणारं ओझं बघावंसं वाटलं. पहिल्यांदाच डोंगरात जाणारा माणूस काय विकत घेतो, कुणाचं ऐकून घेतो आणि त्यातलं वर गेल्यावर काय कामाला येतं, हे बघायला मी उपनगरांतली दुकानं, मोच्यांच्या टपऱ्या आणि रात्रीचे फलाट हिंडले.

फलाटावर नवखा लगेच ओळखू येतो. कोरी, पोट फुगलेली सत्तर लिटरची सॅक, तिला बाहेरून लटकलेली मॅट, स्टीलचा मग, चपलांचा जोड. गाडी आली की तो मग कुणाच्या तरी पर्सच्या पट्ट्यात अडकतो आणि दारातच बोलाचाली होते. जुना माणूस गाडी दिसताच सॅक काढून पोटाशी घेतो. तिच्या बाहेर काही लटकत नसतं आणि ती वरच्या रॅकवर सहज बसते. सत्तर लिटरची सॅक त्या रॅकवर नीट बसत नाही, हे ती घेण्याआधी दुकानात कुणी सांगत नाही.

डोंगर कोणता, सामान कोणतं

नवख्यांच्या खरेदीतला गोंधळ बहुतेक एकाच ठिकाणी सुरू होतो. व्हिडिओ बघितलेले असतात हिमालयातले आणि जायचं असतं नेरळजवळच्या पेब किल्ल्यावर. बर्फातले बूट, उणे तापमानाची स्लीपिंग बॅग, दोन काठ्या, तंबू अशी यादी तयार होते, आणि ती यादी बघूनच निम्मी मुलं खर्चाच्या भीतीने मागे फिरतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला डोंगर जितका जवळ आहे तितका फार थोड्या महानगरांतल्या माणसांना असेल.

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथे विरळ हवेचा त्रास नाही, बर्फ नाही. सह्याद्रीची परीक्षा वेगळी असते. जून ते सप्टेंबर ओला, शेवाळलेला कातळ आणि अंगावर आडवा येणारा पाऊस. पाऊस संपल्यावर उतारावर सुटी माती आणि बारीक दगड, म्हणजे घसारा. मार्चनंतर तापलेला कातळ आणि आटलेली टाकी. ऋतू बदलला की सामान बदलतं.

पहिल्या वर्षी माणूस जातो कुठे? नेरळहून पेब, आंबिवली गावातून कोथळीगड, लोणावळ्याहून किंवा कर्जतकडून राजमाची. पश्चिम रेल्वेवरचा असेल तर सफाळ्याला उतरून तांदुळवाडी. यातले बहुतेक ट्रेक सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतात, फार तर एक मुक्काम. राजमाचीला गावात जेवणाराहण्याची सोय होते, कोथळीगडाला पायथ्याचं पेठ गाव आणि गुहा आहे. म्हणजे तंबू, स्टोव्ह आणि भांडी हे तीन जडशीळ प्रकार यादीतून आधीच गळतात. काही संरक्षित किल्ल्यांवर मुक्कामाला परवानगी नाही, तेवढं निघण्याआधी विचारून घ्यावं.

पाणी कुठे आहे, निवारा कुठे आहे, वाट कुठून फुटते, हे ठाऊक असेल तर पाठीवरचं वजन कमी होतं. यंग झिंगारो ट्रेकर्सचं ‘सांगाती सह्याद्रीचा’ किंवा हरीश कपाडियांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ ही पुस्तकं ट्रेकर मंडळींच्या घरात पानं सुटेपर्यंत का वापरली गेली, त्याचं हेही एक कारण आहे. जिथे बारमाही टाकं आहे तिथे चढताना पाच लिटर पाणी वाहायची गरज पडत नाही.

पैसे पायांवर

पैसे मोजकेच असतील तर ते सगळे बुटांवर घालावेत, हे माझं ठाम मत आहे. सॅक कॉलेजची चालेल, मॅट घरातली चालेल, बूट मात्र उधारीचे चालत नाहीत. दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट आपल्या टाचेला फोड आणतोच.

महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी गड चढले ते हंटर शूज नाहीतर ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’ घालून. हे काही फार महागडे जोड नव्हेत. त्यांची पकड आपल्या कातळावर चांगली बसते, म्हणून जुने ट्रेकर अजूनही नवख्यांना ती नावं सांगतात. पकड येते कशामुळे? मातीत आणि घसाऱ्यावर सोलचे खोल दाते रुततात, म्हणून तिथे ते हवेत. कोरड्या कातळावर दात्यांपेक्षा रबर जास्त महत्त्वाचं असतं. मऊ रबर दगडाला चिकटून राहतं पण लवकर झिजतं, कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं पण ओल्या दगडावर दगा देतं. आणि हिरव्या शेवाळावर कुठल्याच किमतीचा बूट भरवशाचा नसतो. तिथे पाऊल सपाट ठेवून, बसत-धरत उतरायचं, एवढाच उपाय.

बूट घ्यायला संध्याकाळी जावं. दिवसभर लोकलने आणि पायी हिंडल्यावर पाय थोडे सुजलेले असतात, आणि उतारावर चार तास चालल्यावर ते तसेच सुजणार असतात. ट्रेकला जे जाड मोजे घालणार तेच घालून बूट चढवायचा, नाडी घट्ट बांधायची आणि दुकानातल्या उताराच्या फळीवर, ती नसेल तर जिन्यावर, खाली उतरून बघायचं. बोटं पुढे जाऊन आपटली तर तो बूट लहान. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र आत हलता कामा नये. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा लागला तर बिचकू नये. मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम आणि पाणी धरून ठेवतो, कातडी भिजून मऊ पडते आणि फोड तिथेच येतात.

‘वॉटरप्रूफ’ हा शिक्का बघून नवखे हजार-दोन हजार जास्त मोजतात. हिमालयातल्या दवात आणि बर्फात त्याचा उपयोग आहे. सह्याद्रीत जुलैमध्ये ओढा गुडघ्याएवढा असतो. पाणी वरून, घोट्याकडून आत शिरतं आणि वॉटरप्रूफ अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. जाळीचा बूट लगेच भिजतो खरा, पण चालता चालता त्यातलं पाणी निघूनही जातं. आपल्या पावसासाठी मी जाळीचाच बूट सुचवेन.

मुलुंड स्टेशनच्या बाहेर एका मोच्याकडे मी बराच वेळ बसले. पावसाळा तोंडावर आला की त्याच्याकडे ट्रेकिंगचे कोरे बूट येतात. तुटलेले नव्हेत, नवेच. दोन गुडघ्यांत बूट धरून तो सोलच्या कडेने आरी घुसवतो, आतून मेण लावलेला दोरा ओढून काढतो, गाठ आवळतो आणि पुढच्या टाक्याकडे वळतो. सोल आणि वरचा भाग कारखान्यात नुसते चिकटवलेले असतात. ओल्यात तासन्‌तास चालल्यावर तो गोंद सुटतो आणि सोल जबड्यासारखा उघडतो. सगळीकडून शिलाई मारली की गोंद सुटला तरी माणूस पायथ्यापर्यंत पोचतो. टाके मारले की भोकं पडतात, म्हणून वॉटरप्रूफ बुटाला हे करायचं नाही. जाळीच्या बुटाला बिनदिक्कत करावं.

त्याच्या टपरीत एक जोड बाजूला टाकलेला होता. वरून जवळजवळ नवा, नाडीही पांढरीशुभ्र. त्याने तो उचलून मला मधला फोम अंगठ्याने दाबायला सांगितला. फोमचा चुरा झाला, ओल्या बिस्किटासारखा. शिवायला आता तिथे काही उरलंच नव्हतं. मालकाने चार-पाच वर्षांपूर्वी एकदा हिमालयात वापरून ते बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले होते.

मुंबईत हे फार घडतं आणि त्यामागे साधं रसायनशास्त्र आहे. अनेक बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो. हवेतल्या बाष्पाचे रेणू त्या फोममधल्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जातात. उष्णता आणि दमटपणा जितका जास्त तितकं हे लवकर होतं. बूट वापरात असेल तर दर पावलाला फोम दाबला जातो, त्यातली ओल बाहेर पडते, हवा खेळते. बंद पिशवीत ठेवलेला बूट बसल्या जागी खचतो. रेनकोट, तंबू आणि सॅकच्या आतल्या थराचंही हेच होतं. तो आधी चिकट होतो, मग पापुद्र्यांसारखा गळतो. म्हणून सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळणारा जोड घेताना खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचावं. दुकानाच्या गोदामात तीन पावसाळे काढलेला बूट कोरा दिसला तरी नवा नसतो.

भार कमरेवर

अंधेरीच्या एका मोठ्या दुकानात बोरिवलीहून आलेल्या मायलेकी भेटल्या. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, दोन आठवड्यांनी पहिला मुक्कामाचा ट्रेक. तिला पासष्ट लिटरची जांभळी सॅक आवडली होती. तिथला पोरगा कामात मुरलेला होता. त्याने सॅक विकायच्या आधी तिला मान खाली घालायला सांगितली. मानेच्या मुळाशी जो मणक्याचा उंचवटा हाताला लागतो, तिथे त्याने टेपचं टोक आईला धरायला लावलं. मग कमरेवर दोन्ही बाजूंना जी हाडाची कड लागते, तिच्या रेषेपर्यंत टेप सोडला. हे पाठीचं माप. माणसाच्या उंचीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते, ठेंगण्याची लांब.

मग त्याने सॅकमध्ये वजनाच्या पिशव्या टाकल्या, सगळे पट्टे सैल केले आणि कमरेचा पट्टा सर्वांत आधी लावायला सांगितला. तो पट्टा पोटावर नाही, त्या हाडाच्या कडेवर बसला पाहिजे. त्यानंतर खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन लहान पट्टे, शेवटी छातीवरचा. नीट बसलेल्या सॅकचा बहुतांश भार कमरेवर उतरतो, खांदे फक्त तिला मागे कलंडू देत नाहीत. जांभळी सॅक लावली तर मुलीच्या खांद्यात आणि पट्ट्यात बोटभर फट राहिली आणि कमरेचा पट्टा मांडीकडे घसरला. पंचेचाळीस लिटरची, बायकांच्या मापाची करडी सॅक लावल्यावर ती दुकानभर दोन चकरा मारून आली आणि म्हणाली, “आई, खांद्याला काहीच लागत नाहीये गं.” आईने किमतीची चिठ्ठी दोनदा वाचली, मग पैसे द्यायच्या रांगेत उभी राहिली.

एका दिवसाच्या ट्रेकला वीस-पंचवीस लिटर पुरतात, मुक्कामाला चाळीस-पंचेचाळीस. साठच्या वरची सॅक लागते ती स्वतःचं सगळं पाठीवर घेऊन अनेक दिवस चालणाऱ्याला. मोठी सॅक घेतली की रिकामी जागा डोळ्यांत खुपते आणि माणूस ती भरून टाकतो. म्हणूनच मी म्हणते की सॅक सर्वांत शेवटी घ्यावी. आधी बाकीचं सामान घरात पलंगावर मांडून बघावं, ते एखाद्या मित्राच्या सॅकमध्ये भरून बघावं, मग लिटरचा आकडा ठरवावा.

वजनाचा ढोबळ हिशोब असा की भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. पंचावन्न किलोच्या माणसाला अकरा किलो ही अगदी वरची मर्यादा. पहिल्याच खेपेला सात-आठवर थांबावं, त्यातले तीन किलो तर पाण्याचेच. घरात वजनकाटा नसेल तर खालच्या रद्दीवाल्याच्या काट्याला सॅक अडकवावी, तो हसत हसत वजन करून देतो. जड वस्तू पाठीला लागून, मधोमध ठेवायच्या. झोपायचं सामान तळाला. रेनकोट, खाऊ आणि टॉर्च वर, चटकन हाताला लागतील असे.

आणि तालमीसाठी लांब जायला नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता आहे. सोमवारी उद्यान बंद असतं, एरवी सकाळी दार उघडताच आत शिरावं. सॅकमध्ये तांदळाची पिशवी आणि जाडजूड पुस्तकं भरून कान्हेरीला जाऊन-येऊन केलं की बूट कुठे चावतो, पट्टा कुठे काचतो ते घराजवळच कळतं. लेण्यांच्या पायऱ्या त्याच काळ्या कातळात खोदलेल्या आहेत ज्यावर पुढे चालायचं आहे. मुलुंडकरांच्या दाराशीही याच जंगलाची दुसरी कड आहे, पण तिकडून वाटेल तसं आत शिरायला परवानगी नाही, तेव्हा तालीम बोरिवलीच्या दारानेच करावी.

भिजायचं कुठे, कोरडं कुठे राहायचं

पावसाळी ट्रेकमध्ये अंग कोरडं ठेवण्याचा हट्ट सोडला की निम्मी खरेदी वाचते. महागडे रेनकोट घामाची वाफ बाहेर सोडतात म्हणतात, आणि थंड, कोरड्या हवेत सोडतातही. जुलैमध्ये भीमाशंकरच्या घाटात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते, मग वाफ जाणार कुठे? तासाभरात आतून घामाने तितकंच भिजायला होतं. चालताना भिजावं. साधा विंडचीटर वारा अडवण्यापुरता असावा, कारण खरा धोका वाऱ्याचा आहे. ओल्या अंगाने माथ्यावर थांबलेल्या माणसाला पावसाळ्यातही हुडहुडी भरते, दात वाजतात, हात बधिर होतात. पाँचो सपाट वाटेवर ठीक, कड्याच्या वाटेवर वाऱ्याने उडून डोळ्यांवर येतो आणि पायाखालचं दिसेनासं होतं.

जीन्स घालून पावसात डोंगर चढू नये. भिजली की ती पायाला चिकटते, गुडघा वाकेनासा होतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती सुकत नाही. साधी पॉलिएस्टरची ट्रॅकपँट आणि टी-शर्ट अंगावरच सुकतात.

कोरडा राहिला पाहिजे तो रात्रीचा एक जोड, झोपायचं पांघरूण आणि फोन. सॅकवरचं रेनकव्हर त्याची हमी देत नाही. पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून झिरपतं आणि जोराच्या वाऱ्यात कव्हर उडूनही जातं. सॅकच्या आत एक मोठी जाड पिशवी घालून सगळं तिच्यात भरायचं आणि तोंड पिळून दुमडायचं. नवं ब्लँकेट ज्या जाड प्लॅस्टिकमध्ये येतं, ते या कामाला उत्तम. मुंबईतल्या प्रत्येक घरात असं एखादं पडलेलं असतं.

डोंगरातल्या माणसांनी हे प्रश्न आपल्या आधी सोडवलेले आहेत. कोकणातली बाई भात लावताना बांबूच्या कामट्या आणि पानांचं इरलं पाठीवर घेई. वाकून काम करताना पाणी मागच्या मागे ओघळून जाई आणि पुढून हवा लागे. धनगराची घोंगडी भिजली तरी ऊब देते, कारण लोकरीचा तो गुणच आहे. सुती चादर भिजली की ती अंगातली ऊब ओढून घेते. लोकरीचा जुना स्वेटर घरात असेल तर महागडं फ्लीस जॅकेट पहिल्या वर्षी घेऊ नये.

मागून आणण्याच्या वस्तू

स्लीपिंग बॅग, तंबू, काठ्या या वस्तू पहिल्या वर्षी मागून किंवा भाड्याने आणाव्यात. मुंबईची गिर्यारोहणाची परंपरा याच देवाणघेवाणीवर वाढली. १९५४ पासून काम करणारी गिरिविहार, ‘सह्यांकन’सारखी अनेक दिवसांची डोंगरयात्रा काढणारी मुलुंडची चक्रम हायकर्स अशा संस्थांमधून पिढ्या घडल्या त्या एकमेकांच्या पाठीमागे चालून. असल्या एखाद्या गटात शिरलं की कुणाची सॅक, कुणाची मॅट मिळतेच. त्याहून मोलाचं म्हणजे आपल्या सॅककडे बघून “हे काढ, हे कशाला घेतलंस” असं सांगणारं माणूस मिळतं.

व्यापारी तत्त्वावर ट्रेक नेणारेही आता पुष्कळ झालेत. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून आयोजकांसाठी नोंदणी आणि सुरक्षेचे नियम ठरवले. पैसे भरण्याआधी नोंदणी आहे का, सोबत दोर आणि प्रथमोपचार कोण घेणार, दोर लावायची जागा वाटेत आहे का, हे विचारायला लाजू नये. अलंग-मदनसारख्या गडावर दोर लागतो, आणि ते काम शिकलेल्या माणसाचंच आहे. नवख्याने दुकानातून दोर विकत आणू नये.

विकत घ्यावा तो डोक्याला बांधायचा टॉर्च. कळसूबाईच्या शिडीवर अंधारात दोन्ही हात गजाला लागतात, तिथे हातातला मोबाइल काय कामाचा? जादा सेल, शिटी, आपल्या रोजच्या गोळ्या, क्रेप बँडेज आणि टाक्यातलं पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, एवढ्या गोष्टी प्रत्येकाच्या स्वतःच्या सॅकमध्ये असाव्यात. गॅसचा डबा किंवा रॉकेल लोकलमधून नेऊ नये. रेल्वेची मनाई आहे, आणि माणसांनी भरलेल्या डब्यात ती का आहे ते सांगायला नको.

झोपायला फोमची साधी मॅट हवीच. गुहेतला दगड रात्रभर अंगातली उष्णता शोषतो आणि वरून कितीही पांघरलं तरी खालून थंडी वाजते. घरातली योगाची मॅट पहिल्या वर्षी चालते.

रविवारी रात्री, घरी आल्यावर

चिखलाचे बूट रविवारी रात्रीच धुवावेत, सोमवारवर ढकलू नयेत. आतला तळवा आणि नाड्या काढायच्या, साध्या पाण्याने ब्रश मारायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सकाळी बोळे बदलायचे. वाळवायचे ते सावलीत, पंख्याखाली. कडक उन्हात किंवा फ्रिजच्या मागच्या गरम हवेत गोंद लवकर सुटतो. सॅक वॉशिंग मशीनमध्ये घालायची नाही, आतला थर निघतो. ती उलटी करून झटकायची आणि सगळ्या चेन उघड्या ठेवून गॅलरीत टांगायची. स्लीपिंग बॅग तिच्या लहान पिशवीत कोंबून ठेवू नये. ती कपाटात सैल पसरावी, नाहीतर तिच्यातलं भरण दबून ऊब जाते.

बुटांची जागा माळ्यावर नाही. पलंगाखाली किंवा दाराजवळच्या उघड्या फळीवर, जिथे वारा लागेल तिथे, पिशवीत न घालता ठेवावेत. ट्रेकला जाणं झालं नाही तरी महिन्यातून एक-दोनदा तेच बूट घालून बाजारात जाऊन यावं, म्हणजे फोममधली ओल निघत राहते. मे महिन्यात अंगठ्याने मधला थर दाबून बघावा. कुठे भेग दिसली तर पाऊस सुरू व्हायच्या आत मोच्याकडे जावं, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे आधी छत्र्यांची रांग लागलेली असते.